थकलेल्या पैशांचा धनी कोण?

पुण्यात घरोघरचा कचरा कोणी उचलायचा, हा प्रश्न दर काही वर्षांनी पडतो. खरं तर तो पाडला जातो. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा महापालिकेबरोबरचा पहिला करार २०१३ मध्ये संपला तेव्हा तो पडला होता. पुढचा करार २०२० च्या अखेरीस संपला तेव्हाही पडला. दोन्ही वेळा तात्पुरत्या मुदतवाढीच्या कागदांवर शहराचा कचरा महिनोन्‌महिने उचलला गेला. प्रत्येक वेळी चर्चाही तीच. एका बाजूला निविदा काढा, गाड्या आणा, ठेकेदार नेमा म्हणणारे. दुसऱ्या बाजूला गरीब बायकांच्या पोटावर पाय देऊ नका म्हणणारे. पहिल्यांच्या तोंडी 'आधुनिकीकरण' असतं, दुसऱ्यांच्या तोंडी 'उपजीविका'. या दोन शब्दांची झुंज इतकी रंगते की करारातले आकडे कोणी वाचत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कचरा ढकलगाडीने गोळा करावा की टेम्पोने, हा मला दुय्यम प्रश्न वाटतो. एखाद्या घराने पैसे दिले नाहीत, कचरा वेगळा करून दिला नाही, किंवा महापालिकेची गाडी वेळेवर आली नाही, तर त्याचा तोटा कोणी सोसायचा, हे ज्या करारात लिहिलेलं नाही तो करार अर्धाच आहे. पुण्याने आजवर असे अर्धे करारच केले, आणि उरलेला अर्धा भार दारात येणाऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवून दिला.

थोडं मागे जावं लागेल. आज जिला आपण कचरेवाल्या ताई किंवा मावशी म्हणतो ती महापालिकेने नेमलेली नाही. ती आधीपासून होती. चौकाचौकातल्या कंटेनरात उतरून कागद, काच, पत्रा वेचून ती भंगारवाल्याला विकत असे. यातल्या कितीतरी कुटुंबांनी १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून पुण्याची वाट धरली होती. बहुसंख्य बायका दलित समाजातल्या. पोलीस चोर समजून हटकायचे, रखवालदार हाकलायचे, कुत्री चावायची. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून या बायकांपर्यंत पोचलेल्या कार्यकर्त्यांचा त्यात मोठा वाटा होता. पंचायतीने मागितलेली पहिली गोष्ट साधी होती, ओळखपत्र. आपण करतो ते काम आहे, चोरी नाही, एवढं महापालिकेने कागदावर मान्य करावं. पुणे महापालिकेने ते केलं, आणि त्याचं श्रेय तिला दिलं पाहिजे.

मग २००० साली केंद्राचे घनकचऱ्याचे नियम आले. कचरा रस्त्यावरच्या कुंडीत न टाकता दारातून गोळा करावा, असं त्यांत होतं. नियम चांगलाच होता. पण कंटेनर हटले की वेचणारीचं कामाचं ठिकाणच हटतं, हे तो नियम करताना कोणाच्या मनातही नसणार. कचरा दारातून थेट गाडीत आणि गाडीतून थेट डेपोत गेला तर तिच्या हाती काय उरतं? पंचायतीने यावर काढलेला तोडगा मला आजही अतिशय हुशारीचा वाटतो. कचरा दारातूनच न्यायचा आहे ना? मग आम्हीच नेतो. २००५-०६ मध्ये प्रयोग झाला, २००७ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. आज साडेतीन हजारांच्या आसपास सभासद शहरातल्या लाखो घरांच्या दारात जातात.

आता पैशाकडे येऊ. कारण खरी गोम तिथे आहे.

महापालिका या बायकांना पगार देत नाही. घरोघरी दरमहा ठरलेलं शुल्क त्या स्वतः गोळा करतात. सुरुवातीला ते दहा-वीस-तीस रुपयांच्या घरात होतं, नंतर टप्प्याटप्प्याने वाढत गेलं, तरी हॉटेलात दोन माणसांच्या नाश्त्याला लागतात त्याहून कमीच राहिलं. दुसरं उत्पन्न सुक्या कचऱ्याचं. पुठ्ठा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पत्र्याचे डबे वेगळे करायचे आणि भंगाराच्या दुकानात वजनावर विकायचे. ओला कचरा आणि ज्याला कोणी विचारत नाही असा बाकीचा माल ठरलेल्या जागी महापालिकेच्या गाडीत द्यायचा. महापालिका ढकलगाडी, बादल्या, हातमोजे, रेनकोट वगैरे पुरवते (किंवा पुरवायला बांधील असते, रेनकोट दिवाळीला मिळाल्याच्या कहाण्या कोणत्याही आरोग्य कोठीवर ऐकायला मिळतील), संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च उचलते आणि वस्त्यांमधल्या घरांसाठी थोडं अनुदान देते. बस.

या रचनेत एक गोष्ट फार सुरेख आहे. कचरा वेगळा करण्यात जिचा फायदा आहे तीच तो गोळा करते. बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट कोणी घेत नाही, दुधाच्या पिशवीला भाव आहे, खरकटं लागलेल्या पुठ्ठ्याचा भाव पडतो, हे तिला कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात शिकवावं लागत नाही. पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो. त्यातला जो भाग या हातांतून वेगळा होऊन पुन्हा कारखान्यात जातो त्याच्या वाहतुकीला, प्रक्रियेला आणि जमिनीला महापालिकेचा एक रुपया लागत नाही. त्यातून किती कोटी वाचतात याचे दावे संस्था करत असते. त्या आकड्यांवर वाद घालता येईल, दिशेवर येणार नाही.

पण याच रचनेत एक भोक आहे. समजा दोघींच्या जोडीकडे २५० घरं आहेत आणि शुल्क महिन्याला ७० रुपये आहे. कागदावर १७,५०० रुपये झाले. त्यांतल्या ४० घरांनी या महिन्यात दिलेच नाहीत, तर २,८०० रुपये गेले. हे पैसे कोणाचे गेले? महापालिकेचे नाहीत, कारण तिने ते देण्याची हमीच घेतलेली नाही. संस्थेचेही नाहीत. त्या दोघींचे गेले. बरं, कचरा उचलायचा थांबवावा तर तो जिन्यात साठतो, तक्रार होते, आरोग्य निरीक्षक येतो आणि दोष त्यांच्यावरच येतो. म्हणजे पैसे न देणाऱ्याचा कचरा त्यांनी फुकट उचलायचा, आणि पुढच्या महिन्यात त्याच दारात जाऊन पुन्हा हात पसरायचा. 'सुट्टे नाहीत', 'साहेब बाहेर गेलेत', 'आम्ही महिनाभर गावाला होतो', 'भाडेकरू देतील', 'मालक देतील'. सोसायट्यांचा वेगळाच न्याय. तिथे सेक्रेटरी ठोक रक्कम ठरवतो आणि बंद फ्लॅट वजा करतो. एका सभेत मी या वजाबाकीवर मोठमोठ्या पदांवरून निवृत्त झालेल्या माणसांना अर्धा तास हिरिरीने भांडताना पाहिलं आहे. लिफ्टच्या देखभालीच्या कराराला मात्र त्याच सभेत अडीच मिनिटांत मंजुरी मिळाली. लिफ्टवाली कंपनी बंद फ्लॅट वजा करू देत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

निविदेच्या बाजूने बोलणारे या भोकाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, बघा, हे मॉडेल चालत नाही. मग ठेकेदाराच्या करारात काय असतं ते पाहू. ठेकेदाराला पैसे महापालिका देते. कोणत्या घराने शुल्क भरलं आणि कोणत्या घराने बुडवलं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. डिझेल महागलं तर दरवाढीचं कलम असतं. किमान वेतन वाढलं तर तो फरक मागता येतो. प्रक्रिया प्रकल्प असेल तर दररोज अमुक टन कचरा मिळेल अशी हमी अनेकदा महापालिकाच देते, आणि तेवढा कचरा आला नाही तरी पैसे मोजते. जोखीम एकेक करून शहराच्या तिजोरीवर सरकवलेली असते. यात गैर काही नाही, मोठी गुंतवणूक करणारा माणूस हे मागणारच. माझा आक्षेप एवढाच की दहा गाड्या असलेल्याला जे संरक्षण न मागता मिळतं ते एक ढकलगाडी असलेलीला मागूनही मिळत नाही, आणि नंतर दोघांची तुलना 'कार्यक्षमते'वर केली जाते.

शिवाय ठेकेदाराला पैसे बहुधा वजनावर मिळतात. वजनावर पैसे म्हटले की कचरा कमी होण्यात, सुका वेगळा निघण्यात, ओला सोसायटीच्या आवारातच जिरण्यात त्याचा तोटा असतो. पावसाने भिजलेला, मिसळलेला, जड कचरा त्याला उत्तम. मुंबईत कचऱ्यात राडारोडा मिसळून वजन फुगवल्याचे आरोप ठेकेदारांवर झाले, त्याचं मूळ कोणाच्या दुष्टपणात शोधण्याची गरज नाही. दर ज्याचा लावाल ते वाढतं.

आणि वाढलेलं ते कुठे जातं? पुण्याचा कचरा एके काळी कोथरूडला जायचा. शहर कोथरूडपर्यंत पोचलं, लोकांना वास सहन होईना, डेपो बंद झाला, आणि आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो उभा आहे. कचरा मग उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथली विहिरींची पाणी नासली, माश्यांनी घरं भरली, माणसं वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी पुण्याच्या गाड्या जवळपास तीन आठवडे रोखून धरल्या. त्या तीन आठवड्यांत पेठांमधल्या रस्त्यांवर काय साठलं होतं ते पुणेकरांना आठवत असेल. त्याच वर्षी ही गावं महापालिकेत घेतली गेली, आणि पुढे वेगळी नगरपरिषद करून बाहेरही काढली गेली. कचरा मात्र तिथेच आहे. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, फेब्रुवारी २०१८ मध्ये शहराचा कचरा डेपो असलेल्या नारेगावच्या लोकांनी 'आता बास' म्हटलं आणि शहर महिनोन्‌महिने कचऱ्यात बुडालं. पर्यायी जागेचा शोध सुरू झाला तेव्हा मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमारापर्यंत गोष्ट गेली. ज्या व्यवस्थेत प्रत्येक टनाला कोणीतरी पैसे कमावतो तिथे अशा गावांची संख्या वाढत जाते.

एक दूरचं उदाहरण इथे उपयोगी आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात २०१८ पर्यंत घरोघरच्या कचऱ्याला शहराची व्यवस्थाच नव्हती. प्रत्येक घरमालकाने आपापला कचरेवाला गाठायचा, आपापला दर ठरवायचा. परिणामी एकाच गल्लीत आठवड्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे अवजड ट्रक फिरायचे. शहराने त्या कंपन्यांना एकत्र बसवलं, भाग वाटून दिले आणि सगळ्यांसाठी एक करार केला. लोक चिडले. ज्यांचा कचराच कमी होता ते म्हणाले, आम्ही का भरावं? शेजाऱ्याबरोबर एकच डबा वापरणारेही तेच म्हणाले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने मतदान घ्यायला लावलं, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदारांनी नवी व्यवस्था ठेवावी असाच कौल दिला. या सगळ्या भांडणात मला एकच तपशील लक्षात ठेवावासा वाटतो. एखाद्या घराने बिल थकवलं तर ते मालमत्ता करात चढायचं. कंपनीचा माणूस दारोदार जाऊन 'ताई, दोन महिन्यांचे राहिलेत' असं म्हणत नव्हता. थकबाकी वसूल करण्याचं काम ज्याच्याकडे वसुलीचा अधिकार आहे त्याच्याकडे, म्हणजे शहराकडे होतं.

मग आपणही सगळं शुल्क मालमत्ता करात घालून टाकावं का? हा सोपा वाटणारा उपाय शेजारच्याच गावात करून झाला आहे. राज्य सरकारने २०१९ मध्ये काढलेल्या अधिसूचनेच्या आधाराने पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२३ मध्ये घरटी महिना ६० रुपयांचं उपयोगकर्ता शुल्क मालमत्ता कराच्या बिलात लावलं, तेही मागील थकबाकीसह. गदारोळ झाला. सर्वपक्षीय विरोध झाला, विषय विधानसभेत गेला आणि शासनाने वसुलीला स्थगिती दिली. नदीच्या अलीकडे, पुण्यात, तेवढेच पैसे, थोडी कुरकुर करत का होईना, लाखो घरं दारात आलेल्या बाईच्या हातात ठेवत होती. पलीकडे तेच पैसे बिलात छापले गेले आणि ते राजकारण झालं.

यामागे नागरिकांचा निव्वळ कद्रूपणा आहे असं मला वाटत नाही. मालमत्ता कराच्या बिलात सफाईपट्टी आधीच असते. 'सफाईचे पैसे एकदा भरले, आता कचऱ्याचे पुन्हा कसले?' हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला महापालिकेने कधी सरळ उत्तर दिलेलं नाही. उत्तर असं देता आलं असतं: सफाईपट्टीतून रस्ते झाडले जातात, गाड्या चालतात, डेपो आणि प्रकल्प चालतात, तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारातून बादली उचलण्याचा खर्च त्यात नाही. पण हे सांगायचं तर सफाईपट्टीचा जमाखर्च लोकांपुढे मांडावा लागतो. तो मांडायचा नाही आणि नवं शुल्क लावायचं, म्हटल्यावर लोक भांडणारच. दारात येणाऱ्या बाईला पैसे देताना हा संशय येत नाही. पैसे कुठे गेले ते दिसतं. ती उद्या आली नाही तर कोणाला विचारायचं तेही कळतं.

म्हणून माझं म्हणणं मधलं आहे, आणि मधलं असल्यामुळे दोन्ही बाजूंना ते आवडणार नाही याची कल्पना आहे. शुल्क दारातच राहू द्या. जी घरं देतात, आणि बहुतेक देतात, त्यांचा तो थेट व्यवहार मोडू नका. पण जे देत नाहीत त्यांची यादी संस्थेने दर तिमाहीला महापालिकेला द्यावी, महापालिकेने तेवढी रक्कम त्या तिमाहीतच संबंधित बायकांच्या खात्यात जमा करावी आणि नंतर आपल्या सवडीने, आपल्या अधिकाराने, त्या त्या मिळकतीच्या बिलात चढवून वसूल करावी. महापालिकेला लोकांच्या दारात बँड वाजवून थकबाकी वसूल करण्याचा अनुभव आहे, मिळकती सील करण्याचाही आहे. साठ-सत्तर वर्षांच्या मावशीला तो नाही. सगळ्यांच्या बिलात शुल्क लावलं तर सगळे चिडतात; बुडवणाऱ्याच्याच बिलात लावलं तर सोसायटीच्या सभेत चिडायला तो एकटाच उरतो.

यावर प्रशासनाची शंका ठरलेली आहे. खोट्या याद्या येतील. येतील काही. पण घरागणिक सहीचं कार्ड, मोबाइलवरून भरलेल्या पैशांची नोंद आणि मिळकत क्रमांक या तीन गोष्टी जुळवणं हे आज एवढं अवघड राहिलेलं नाही. आणि टनावारी बिलं वर्षानुवर्षं मंजूर करणाऱ्या खात्याने दोन-दोन हजारांच्या याद्यांबद्दल एवढी चिंता करावी याची गंमत वाटते.

थकबाकीइतकाच महत्त्वाचा दुसरा मुद्दा सुक्या कचऱ्याचा. त्यावरचा हक्क कचरावेचकांचा, हे करारात स्वच्छ अक्षरात असलं पाहिजे. आज भंगाराचे भाव पडले की त्यांचं उत्पन्न पडतं. भाव चढले की अचानक कोणीतरी सुक्या कचऱ्यासाठी वेगळी गाडी, वेगळी कंपनी, वेगळी योजना घेऊन हजर होतं. पडत्या भावाचा तोटा एकीचा आणि चढत्या भावाचा नफा दुसऱ्याचा, हा व्यापार कोणत्याही बाजारात कोणी मान्य करणार नाही. वर्गीकरणासाठी छप्पर असलेली जागाही हवी. फूटपाथवर, पावसात, पुठ्ठा भिजत असताना वर्गीकरण करायला लावायचं आणि मग 'रस्त्यावर पसारा करतात' म्हणून तक्रार करायची, हे शहाण्या शहराला शोभत नाही. दर प्रभागात उद्यानासाठी, विरंगुळा केंद्रासाठी, वाचनालयासाठी जागा निघते. शेडसाठी विषय काढला की शेजारचे लोक पत्र घेऊन येतात. कचरा आपला, पण तो वेगळा करण्याची जागा दुसऱ्याच्या गल्लीत. उरुळी-फुरसुंगीचंच हे छोटं रूप.

आता विरोधी बाजूचा जो सर्वांत भक्कम आक्षेप आहे त्याकडे येतो. 'बायका वेळेवर येत नाहीत, सुट्ट्या घेतात' हा तो नव्हे. ती तक्रार काही भागांत खरी आहे आणि बदली सभासदांची नीट व्यवस्था केली तर सुटणारीही आहे. ठेकेदाराच्या गाड्या जिथे चालतात तिथेही ड्रायव्हर दांड्या मारतात. भक्कम आक्षेप असा: जातीने आणि दारिद्र्याने ज्यांच्या वाट्याला घाण आली त्यांच्याच हातात ती कायम ठेवणारी व्यवस्था तुम्ही 'उपजीविका' म्हणून जपायची? गाड्या आल्या, यंत्रं आली, तर या कामातून बायकांची सुटका तरी होईल.

हा आक्षेप मी झटकून टाकू शकत नाही. डायपर आणि सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी वेगळे करणाऱ्या बाईपुढे उपजीविकेचं कौतुक सांगणं निर्लज्जपणाचं आहे. याच बायकांनी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, म्हणजे आम्हाला उघडून पाहावं लागणार नाही, अशी मोहीम चालवली. वापरलेली पॅड पाकिटांत भरून ती पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना परत धाडण्याची मोहीमही त्यांनीच केली. शिकलेल्या घरांतून लाल ठिपका काढायलासुद्धा किती घरं तयार झाली, हे ज्याने त्याने आपल्या इमारतीत पाहावं.

पण सुटकेचा हिशेब मांडून पाहिला तर तो जुळत नाही. ठेकेदार आला तर घाण जात नाही, ती हाताळणारा माणूस बदलतो. गाडीवर चढून मिसळलेला कचरा दाबणारा जो तरुण असतो तो कुठल्या वस्तीतून येतो? त्याच वस्तीतून, बहुतेक वेळा त्याच घरातून. फरक एवढाच की तो कंत्राटी असतो, त्याच्याकडे ओळखपत्र असेलच असं नाही, त्याच्या पगारातून कोण किती कापतो हे त्याला माहीत नसतं, आणि ठेका बदलला की तो रस्त्यावर असतो. त्याची आई मात्र संस्थेची सभासद आहे, सभेला जाते, पदाधिकाऱ्याला चार लोकांत खडसावू शकते. ज्यांना हे काम सोडायचं आहे त्यांनी ते सोडावंच, त्यांच्या मुलींना त्यात येण्याची गरज पडू नये, यासाठी शिष्यवृत्ती हवी, निवृत्तिवेतन हवं, विमा हवा. पंचायत या मागण्या अनेक वर्षं करते आहे. या कामातून बाहेर पडण्याची वाट पैशाची असते, आणि पैसा थकबाकीत अडकून पडलेला असतो. पुन्हा आपण त्याच भोकापाशी येतो.

ढकलगाडीबद्दलही मला प्रेम नाही. चढावर भरलेली गाडी ढकलताना ज्याने एकदा पाहिलं असेल त्याला असणारही नाही. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या द्या, संस्थेच्या मालकीच्या द्या, चालवायला शिकवा. यंत्र आणि ठेकेदार ही एकाच पिशवीतली वस्तू आहे, एक हवं तर दुसरं घ्यावंच लागेल, असा समज निविदेच्या भाषेने रुजवला आहे. छत्तीसगडमधल्या अंबिकापूरने बचत गटांतल्या बायकांच्या हातात गाड्या आणि वर्गीकरण केंद्रं दिली आणि त्या शहराचं नाव देशभर झालं. आपल्याकडे वेंगुर्ल्यासारख्या छोट्या गावाने कचरा डेपोची जागा लोकांनी पाहायला यावं अशी करून दाखवली. पुणे काही वेंगुर्ला नाही, मान्य. पण शहर मोठं असलं की कल्पकता आपोआप कमी व्हावी असा कुठला नियम नाही.

नागरिकांची बाजूही इथेच नोंदवतो. केंद्रीय नियमांनुसार कचरा वेगळा करून देणं हे घराचं कर्तव्य आहे. सवलत नाही, उपकार तर नाहीच. एकत्र केलेला कचरा परत ठेवून जाण्याचा अधिकार दारात येणाऱ्या बाईला करारात हवा, आणि ती तसा ठेवून गेली तर आरोग्य निरीक्षकाने तिच्या बाजूने उभं राहायला हवं. आज ती ठेवून गेली तर फोन तिच्याविरुद्ध जातो. मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारात जिरवण्यासाठी मिळकत करात सवलत मिळते. खताचे खड्डे मात्र कुलूपबंद आणि सवलत चालू, हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की त्यावर आता कोणी विनोदही करत नाही.

पुढचा करार येईल तेव्हा खरी लढाई जुन्या पेठांत किंवा कोथरूडमध्ये होणार नाही, असा माझा अंदाज आहे. तिथे घरांचे आणि बायकांचे संबंध पंधरा-पंधरा वर्षांचे आहेत. ती होईल २०१७ आणि २०२१ मध्ये शहरात आलेल्या गावांत. तिथे उंच इमारती आधी आल्या, गटारं नंतर येणार आहेत, आणि कचरा उचलणारा आज बिल्डरने नेमलेला कुठलातरी टेम्पोवाला आहे. तो कचरा कुठे टाकतो हे विचारायची पद्धत नाही. अशा भागासाठी 'प्रायोगिक तत्त्वावर' म्हणून एक छोटी निविदा निघते, तिला मुदतवाढ मिळते, आणि मग तोच नमुना शहरभर लावा असा प्रस्ताव येतो. मार्च २०२२ नंतर काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा असे प्रस्ताव येत-जात असताना कोणाला विचारायचं हाही प्रश्न होता. आता ती सबब नको. मसुदा स्थायी समितीपुढे जाण्याआधी लोकांपुढे ठेवावा. त्यात वाचायची कलमं फार नाहीत. शुल्क थकलं तर कोण भरणार, भंगाराचे भाव पडले तर कोण सोसणार, गाडी आली नाही तर दंड कोणाला. मसुदा ठेकेदाराचा असो की 'स्वच्छ'चा, या तीन ठिकाणी कोणाचं नाव लिहिलं आहे ते आधी बघावं. रेनकोटचं कलम त्यानंतर वाचलं तरी चालेल, तोवर पावसाळा संपलेला असतोच.